पायटेस्ट नाद खुळा, पण आटे बघून घ्या
पायटेस्टला, म्हणजे पायथनमधला कोड बरोबर चालतोय का तपासायच्या टूलला, 5 पैकी 4 स्टार. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देतो, टेस्ट सगळ्या ह्याच्यावरच. साधं असर्ट ('हे असंच असलं पाहिजे' अशी ओळ) लिहायचं, फेल झालं की कुठली व्हॅल्यू काय आली ते स्वतःच दाखवतं. लई भारी.

डोकं खातं ते व्हर्जनचं लफडं. 2024 ला जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर एक नवीन पोरगं जॉईन झालं, त्याच्या लॅपटॉपवर सगळं फ्रेश टाकलं, टेस्ट चालवल्या तर निम्म्या लाल (फेल), आणि माझ्याकडं त्याच टेस्ट हिरव्यागार (पास). ह्यानंच कायतरी उद्योग केला म्हणून दुपारपर्यंत झापला त्याला. शेवटी बघतोय तर माझ्याकडं पायटेस्ट 7.4 आणि त्याच्याकडं 8, कारण रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये (काय काय इन्स्टॉल करायचं त्याची यादी) मी नुसतं नाव लिहून ठेवलेलं, पुढं आकडाच नाही! आमच्या जुन्या टेस्ट नोज (टेस्टचं जुनं टूल) स्टाईलच्या, क्लासमध्ये प्रत्येक टेस्टआधी तयारी करणारी 'सेटअप' नावाची मेथड, आणि 8.0 नं नोजचा सपोर्टच काढला, मग ती मेथड कोण बोलवतच नाही आणि पुढं अ‍ॅट्रिब्यूट एररची बोंब. 'सेटअप_मेथड' नाव केलं की मिटलं. वॉर्निंग 7.2 पासनं येत होती, आम्हीच वाचत नव्हतो.

कापलेला स्टार प्लगिनपायी (पायटेस्टला वरनं जोडायचे भाग). उद्यमनगरात बोल्ट घेताना इंची आटे का एमएम आटे बघत्यात ना, तसंच हितं. दुसऱ्या एका प्रोजेक्टात असिंकआयओचं (पायथनमध्ये एका वेळी बरीच कामं चालवायची सोय) प्लगिन आमचं 0.23.4 वर पिन, म्हणजे त्याच आकड्यावर बांधलेलं होतं, ते पायटेस्ट 8 घेतच नाही, पिपनं (पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल) सरळ हात वर केले. 0.23.5 केल्यावर बसलं. पिपचं कौतुक हे की 2020 च्या 20.3 पासनं ते असं आधीच अडवतं, त्याआधी लाल ओळ दाखवून तसंच ठोकून बसवायचं. आणि अगदी नवंकोरं व्हर्जन पहिल्या दिवशी घेऊ नका, मार्च 2024 मध्ये 8.1.0 नं काही प्लगिन मोडले म्हणून ते पायटेस्टवाल्यांनीच मागं घेतलं आणि लगेच 8.1.1 काढलं.

आता लॉक फाईल (सगळ्या पॅकेजचे नेमके आकडे लिहिलेली) कोडबरोबर गिटमध्येच असते, नवीन मशीनवर आधी 'पिप चेक' मारायचं, आकडे एकमेकांना जुळतात का ते ते सांगतं. फाईल त्या झापलेल्या पोराकडंच दिलीय, आता त्याला विचारल्याशिवाय मीच एक आकडा बदलत नाही.