फ्लॅपच्या वॉर्डात हँडहेल्ड डॉप्लर : काही महिने वापरल्यानंतर

मी नाशिकमध्ये प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ८ मेगाहर्ट्झचा पेन्सिल प्रोब (कातडीवर टेकवायची पेन्सिलीसारखी दांडी) असलेला हँडहेल्ड डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं हातातलं यंत्र, आमच्याकडे पावसाळ्यात आला, आता थंडी सरत आलीय. अंबड-सातपूरला मशीनमध्ये सापडलेले हात, मुंबई-आग्रा हायवेवर चिरडलेले पाय, तंबाखू-मिशरीमुळे जबड्याचं ऑपरेशन झालेले पेशंट, सगळ्यांवर तो वापरून झालाय. घ्यावा का, असं बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

जखम झाकायला ग्राफ्ट किंवा फ्लॅप लावतात. ग्राफ्ट म्हणजे नुसती कातडी, ती खालच्या जखमेतून रक्त घेते. फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचललेला कातडी-मांसाचा तुकडा, तो मात्र स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर जगतो. पुण्याजवळ एका वैद्याने कपाळाची कातडी देठासकट (रक्त आणणारा भाग न तोडता) खाली वळवून कापलेलं नाक नवं करून दिलं, त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. तिथेही सगळी मदार त्या देठावरच होती. आता फ्री फ्लॅपमध्ये तुकडा पूर्ण सुटा करून त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली नव्या जागी जोडतात. त्या जोडात रक्ताची गुठळी व्हायचीच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. म्हणून पहिले २४ तास दर तासाला फ्लॅप बघायचा. वेळेत कळलं तर परत ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नेऊन तो वाचवता येतो.

यंत्र चांगलं आहे, हे आधी सांगते. धमनीचा (रक्त आणणाऱ्या वाहिनीचा) आवाज ठोक्याबरोबर फस्-फस् येतो, शिरेचा (रक्त परत नेणाऱ्या वाहिनीचा) वाऱ्यासारखा सलग, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा. ऐकायची जागा डॉक्टरांनी ओटीतच टाका घालून ठरवून दिलेली असते. तिथे भरपूर जेल घ्यायचं, प्रोब ४५ ते ६० अंशांत कलता धरायचा आणि अजिबात दाबायचा नाही. दाबला की बारीक शीर मिटते आणि उगाच धावपळ होते. उभा धरला तर आवाज पडतो, कारण रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय एवढंच त्याला ऐकू येतं. प्रोबचं टोक नाजूक आहे, जेल वाळायच्या आत मऊ कापडाने पुसून घ्यावं. रात्री स्पीकर बंद करून हेडफोन लावते, शेजारच्या पेशंटची झोप मोडत नाही.

आता मुख्य गोष्ट. आवाज येतोय म्हणजे फ्लॅप ठीक आहे, असं समजू नका. फ्री फ्लॅपमध्ये धमनीपेक्षा शीर बंद पडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि शीर तुंबली तरी धमनी काही काळ छान वाजत राहते. मानेतल्या फ्लॅपवर तर आणखी घोटाळा होतो. शेजारच्या मोठ्या धमनीचाच आवाज फ्लॅपचा वाटतो.

निफाडकडचा एक मुलगा होता, नडगीवर फ्लॅप. नाइटला डॉप्लर खणखणीत वाजत होता, पण कडेला जांभळट झाक दिसली. बोटाने दाबून सोडलं तर रंग डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आला. एरवी दोन-तीन सेकंद लागतात. इतका झटपट आला म्हणजे आत रक्त तुंबलंय. रेसिडेंट डॉक्टर आले, सुई टोचली, तर काळपट रक्त भराभर आलं. ड्रेसिंग सैल केलं, फरक पडेना, तसं लगेच ओटीत घेतलं. शिरेत गुठळीच निघाली. फ्लॅप वाचला. सकाळी त्याची आई विचारत होती, "ताई, मशीन वाजत होती ना?" वाजत होती, मावशी. (धमनी बंद पडली तर उलटं चित्र असतं : फ्लॅप फिकट, गार, रंग परत यायला वेळ, टोचलं तरी रक्त नाही.)

म्हणून आमच्या चार्टवर रंग, ऊब, फुगीरपणा आणि दाबून सोडल्यावरचे सेकंद आधी लिहितो, डॉप्लर शेवटी. रंग बघायला दर वेळी तोच लाइट लावायचा. ड्यूटी बदलताना दोघींनी मिळून फ्लॅप बघायचा, कारण "जरा निळसर" हे प्रत्येकीचं वेगळं असतं. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथे फुगीरपणावर आणि सुईवर जास्त भरवसा.

आणि यंत्र रक्तप्रवाह फक्त ऐकवतं, वाढवत नाही. त्याची काळजी आपणच घ्यायची. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठवर उतरतो ते आपल्याला माहीतच आहे, तेव्हा वॉर्ड उबदार हवा आणि पेशंटच्या अंगावर पांघरूण हवं. पण गरम पाण्याची पिशवी फ्लॅपवर कधीच ठेवू नका. तिथे संवेदना नसते, भाजलेलं कळतही नाही. पायाचा फ्लॅप असेल तर पाय उंचावर, देठावर पट्टीचा किंवा उशीचा दाब नको, लघवी नीट होतेय ना ते बघायचं, बीपी पडू द्यायचं नाही. आणि बिडी-सिगारेट, तंबाखू, मिशरी बंद. निकोटीन नेमक्या याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. "एकच चिमूट" म्हणणाऱ्या काकांच्या उशाखालची पुडी मी सरळ काढून घेते, मग ते रागावले तरी चालेल.

फ्लॅपची ऑपरेशनं होत असतील तर वॉर्डात हा डॉप्लर जरूर घ्या, ८ मेगाहर्ट्झचाच. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं ऑनलाइन मिळणारं यंत्र स्वस्त असतं, पण त्याचा प्रोब २-३ मेगाहर्ट्झचा, खोलवरचं ऐकण्यासाठी बनवलेला. कातडीखालच्या बारीक वाहिनीला तो उपयोगाचा नाही. नातेवाइकांनी घरी नेण्यासाठी यातलं काहीच घेऊ नये. घरी गेल्यावर फ्लॅप निळा, काळपट किंवा अचानक फुगलेला दिसला तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, पेशंटला घेऊन थेट हॉस्पिटलला या.