टेड केनेडी की नॅन्सी पलोसी?

भाचीला एम.ए.च्या प्रकल्पासाठी राजकीय घराण्यातला एक अमेरिकी लोकप्रतिनिधी निवडायचाय. दोघांवर अडलीय, दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे : सिनेटर टेड केनेडी आणि कनिष्ठ सभागृहाच्या माजी सभापती नॅन्सी पलोसी.

घराण्याचा हात : केनेडींना आयतंच ताट. थोरला भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला. सिनेटसाठी किमान वय तीस, म्हणून धाकट्या टेडची तिशी भरेपर्यंत थोरल्याची सिनेटची जागा घरोब्यातल्या माणसाने सांभाळली. १९६२ मध्ये टेड निवडून आले, २००९ मध्ये मरेपर्यंत तिथेच. पलोसींचे वडील बाल्टिमोरचे महापौर, पण त्या जिंकल्या सॅन फ्रान्सिस्कोतून, १९८७ मध्ये, पाच मुलं वाढवून झाल्यावर.

कामाची पद्धत : केनेडी विरोधकांशीही जमवून घेत, २००१ चा शिक्षण कायदा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यासोबत केला. १९६५ चा इमिग्रेशन कायदा त्यांनीच सिनेटमध्ये पुढे नेला; त्यानेच भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायची वाट मोकळी केली. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांचं मूळ तिथे आहे! पलोसींचं बळ आपली मतं राखण्यात. २०१० चा आरोग्य कायदा २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर, बाजूने रिपब्लिकन मत एकही नाही.

डाग : केनेडींचा १९६९ चा चॅपाक्विडिक बेटावरचा मोटार अपघात, गाडी तेच चालवत होते, त्यात एका तरुणीचा जीव गेला. पलोसींवर टीका पतीच्या शेअर व्यवहारांची, तुलनेत किरकोळ.

कायदा कसा शिजतो हे लिहायचं तर केनेडी. पक्ष मुठीत कसा ठेवतात, किंवा स्त्रियांचं नेतृत्व, तर पलोसी. वेळ कमी असेल तरीही पलोसीच. केनेडींची सत्तेचाळीस वर्षं एका सेमिस्टरमध्ये उरकायची नाहीत.