कस्टम सायलेन्सरची थरथर: फ्लेक्स पाइप बसवल्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा

जुनी पेट्रोल गाडी घेतली तेव्हाच तिला आधीच्या मालकानं बनवून घेतलेला स्टेनलेसचा सायलेन्सर होता. आवाज दमदार, पण सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरायचं. हायवेला २२०० आरपीएमच्या आसपास तर अशी घूं बसायची की बीडहून संभाजीनगरला येताना आई गेवराईलाच उतरते म्हणायची.

गॅरेजवाल्यांचा सल्ला ठरलेला: सायलेन्सर गाडीखाली टांगून धरणाऱ्या हँगरचे रबर बदला. बदलले, थोडा फरक पडला. खरं दुखणं पुढे होतं. या गाडीत इंजिन आडवं बसतं. क्लच सोडला, रेस दिली की ते पुढे-मागे झुलतं. तो झोका खायला कंपनीच्या पाइपात फ्लेक्स, म्हणजे तारेच्या जाळीचा लवचिक तुकडा असतो. इथं तो काढून सरळ पाइप वेल्ड केलेला, म्हणजे इंजिनचा प्रत्येक हिसका थेट बॉडीत.

वाळूजच्या एका मिस्त्रीकडून फ्लेक्स टाकून घेतला. आत लायनर (धातूचं अस्तर) असलेलाच घ्या, बिनलायनरचा स्वस्त पडतो पण गरम गॅसनं आतून लवकर उसवतो. बसवताना तो पिळलेला नको, ताणलेला नको. मिस्त्रीनं लगेच मागे एक हँगर वाढवला. म्हणाला, "भाऊ, वजन रबरानं उचलायचं, जाळीनं नाही." आयडलिंगची (उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाची) थरथर त्याच दिवशी गेली आणि अजून परतली नाही.

उन्हाळ्यात मात्र मागून खडखड सुरू झाली. स्टेनलेसचा तीन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण १५ मिलिमीटर लांबतो. थंड गाडीखाली मोकळी दिसणारी जागा तासभर पळाल्यावर उरत नाही. पाइप तापलेला असताना हात न लावता, टॉर्च मारून बघा कुठं टेकतोय. हँगरच्या रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश कुणी सुचवले तर रोजच्या गाडीला नको म्हणा. पाइप डोलायचा थांबतो, पण थरथर बॉडीत जास्त उतरते.

घूं हे वेगळं प्रकरण. चार सिलिंडरच्या इंजिनात २२०० आरपीएमला सेकंदाला ७३ स्फोट होतात, तो सूर फ्लेक्सनं मरत नाही. मध्ये रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सूर दाबणारा डबा, टाकल्यावर निम्म्यानं कमी झाली. आई आता घरापर्यंत येते, कुरकुरत. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू दिला नाही, पीयूसीची कटकट कोण करणार?

तक्रार एकच: फ्लेक्स हा बाकीच्या पाइपापेक्षा जाड, त्यामुळे खाली लोंबतो. गावोगावचे बेढब गतिरोधक त्याला घासतात, जाळीच्या काही तारा तुटल्याच आहेत. खालून पत्र्याचं संरक्षण लावायला टाकलंय.