क्राउन लिकर सलून, बेलफास्ट: जुना पब नीट करावा तर असा

नॉर्दर्न आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टला येऊन मला आता सहा वर्षं झाली आणि तेवढ्यात क्राउनला किती वेळा गेले असेन त्याचा काही हिशोबच नाही, पण त्याच्याबद्दल नीट लिहून काढावं असं वाटलं ते बाबांना घेऊन गेले तेव्हा. बाबांचं गिरगावात फर्निचरचं दुकान होतं, चाळीस वर्षं लाकडात गेली, त्यामुळे कुठंही नेलं की ते आधी टेबलाच्या खालून हात फिरवून बघतात. दारू ते घेत नाहीत, "अगं मी तिथं येऊन काय करू" म्हणत नाखुशीनंच आले होते, आणि मग दीड तास उठायलाच तयार नव्हते.

जागा अगदी शहराच्या मध्यावर, ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, समोर युरोपा हॉटेल आणि ऑपेरा हाउस. डब्लिनहून ट्रेननं येणार असाल तर नवीन ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटं. बाहेरूनच कळतं की हे काहीतरी वेगळं आहे, कारण सगळा दर्शनी भाग रंगीत टाइल्सचा, खांब पण टाइल्सचे. आत शिरताना दारात खाली मोझेकमध्ये एक मुकुट काढलाय त्याच्याकडे बघा. त्याची गोष्ट इथं सगळे सांगतात, की मालक पॅट्रिक फ्लॅनागन कॅथलिक आणि बायको प्रोटेस्टंट, तिनं हट्ट धरला की पबचं नाव क्राउनच (म्हणजे ब्रिटिश राजमुकुट) ठेवायचं, मग यानं नाव ठेवलं पण मुकुट काढला जमिनीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल असा. खरी की खोटी ते सोडा, बेलफास्ट कसं शहर आहे ते या एका गोष्टीत कळतं. बाबांनी मात्र पाय न देता बाजूनं आत पाऊल टाकलं, म्हणाले कोणी एवढं मन लावून केलेलं आपण कशाला तुडवायचं.

पब तसा 1826 पासूनचा, पण आज जे दिसतं ते 1885 चं, पॅट्रिकनं करून घेतलेलं. त्या काळात बेलफास्टमध्ये नवीन कॅथलिक चर्चेस बांधायला इटालियन कारागीर आले होते, त्यांनाच दिवसाचं काम संपल्यावर इथं बोलावलं असं सांगतात, आणि आत गेल्यावर ते पटतं कारण बार काउंटर बघून खरंच चर्चमधल्या वेदीची आठवण येते, वरती लाल ग्रॅनाइट, मागं आरसे, कोरलेले खांब, छताला नक्षी. दिवे अजून गॅसचे आहेत. तो उजेड फोटोत येत नाही, कितीही चांगला फोन असला तरी. पिवळसर, थोडा हलणारा, लाकडाच्या पॉलिशवर पडला की सगळी खोली मधासारखी दिसते.

आणि स्नग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्नग म्हणजे पबच्या आतच लाकडी भिंती आणि दार असलेली छोटी बैठक, इथं अशा दहा आहेत. व्हिक्टोरियन काळात ज्यांना पबमध्ये दिसायचं नसायचं ती मंडळी इथं बसायची, त्यात बायकाही आल्या. दाराच्या खांबांवर सिंह आणि ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी) बसलेत, हातात ढाली, ढालींवर लॅटिन वाक्यं. आत बेल आहे, वेटरला बोलवायची, आणि भिंतीला धातूच्या छोट्या पट्ट्या, काडी ओढून पेटवायला. सिगरेट पबमध्ये 2007 पासून बंद, पण पट्ट्या काढल्या नाहीत, तिथंच आहेत, मधोमध घासून घासून गुळगुळीत झालेल्या. बाबांनी त्यातल्या एकीवर अंगठा फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग दाराची चौकट, मग बाकाची पाठ. म्हणाले, "हे बघ, इथं नवीन तुकडा बसवलाय, रेषा जुळवलीय बघ लाकडाची, घाई केलेली नाहीये." मी सहा वर्षं तिथं बसतेय, मला तो सांधा कधी दिसला नव्हता. त्यांनी बोट ठेवून दाखवला तेव्हा दिसला, केसाएवढी रेघ.

मला या पबबद्दल सांगायचंय ते हेच. हा पब 1978 मध्ये नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं, विकत घेतला, कवी जॉन बेट्जमन त्यासाठी मागं लागले होते, आणि 1981 ला जवळपास 4 लाख पौंड खर्चून सगळं परत व्हिक्टोरियन रूपात आणलं, मग 2007 मध्ये अजून 5 लाखांचं काम झालं. पब घेऊन पहिलं काम केलं ते कुठल्या काळात, तर इथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात समोरच्या युरोपा हॉटेलवर तीसहून जास्त वेळा बॉम्बहल्ले झाले त्या काळात, आणि समोर बॉम्ब फुटला की इकडं क्राउनला पण झळ बसायचीच. असल्या रस्त्यावर, असल्या वेळी कोणाला तरी वाटलं की काचा, टाइल्स, लाकूड नीट करून ठेवायचं आणि पब म्हणूनच चालू ठेवायचं, म्युझियम करून दोरी लावायची नाही. मला याचं फार कौतुक आहे, दर वेळी आत शिरताना वाटतं.

नाहीतर रिनोव्हेशनच्या नावाखाली काय होतं ते मी पाहिलंय. इंग्लंडमध्ये मी शिकायला होते तिथं, नाव नाही घेत, मध्यवस्तीत एक जुना पब होता, चार छोट्या खोल्या, मध्ये बार, कोळशाची शेगडी, आणि एक म्हातारे आजोबा रोज त्याच खुर्चीत. माझी थिसिसची अर्धी प्रकरणं तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर लिहिली गेलीत. आठ महिने बंद ठेवून "ऐतिहासिक वास्तू नव्या रूपात" असा बोर्ड लावून उघडला तर सगळ्या भिंती पाडून एकच लांबलचक हॉल, सगळीकडे राखाडी रंग, जुनी शेगडी झाकून तिच्यावर टीव्ही, आणि कपाटातल्या पुस्तकांचं चित्र असलेला वॉलपेपर. पुस्तकं नाहीत, पुस्तकांचा वॉलपेपर! एलचा, म्हणजे इथल्या पारंपरिक बियरचा, पहिला घोट घेतला तर आंबटढाण, व्हिनेगर, आणि परत द्यायला गेले तर बारवरचा मुलगा म्हणाला ती तशीच असते. तशी नसते हो. ते आजोबा मला परत तिथं दिसले नाहीत. मी त्या दिवशी बाहेर येऊन बसस्टॉपवर रडले होते, आणि कोणी म्हणेल पबसाठी काय रडायचं, पण आपल्याकडे मुंबईत एकेक इराणी बंद होताना ज्यांना पोटात कालवलंय त्यांना कळेल.

आता एलबद्दल, कारण आपल्याकडचे बरेच लोक इथं येऊन एक पिंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) घेतात आणि "कोमट आहे, गॅस नाही" म्हणून नाक मुरडतात, आणि मग आयुष्यभर लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची गार, गॅसवाली बियर. थोडं समजून घेतलं तर मजा येते. रिअल एल म्हणजे जिवंत बियर, पिंपात भरताना तिच्यात यीस्ट असतं आणि ती पबच्या तळघरात येऊन पिंपातच शेवटची आंबते. वरून गॅस मारत नाहीत. तळघराचं तापमान 11 ते 13 डिग्री, म्हणजे कोमट नाही, माठातल्या पाण्यासारखी गार. बर्फासारखी गार केली तर चवच मरते. एकदा पिंप उघडलं की हवा लागते आणि तीन-एक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट. म्हणजे दह्यासारखंच आहे सगळं, विरजण चांगलं पाहिजे, भांडं स्वच्छ पाहिजे, आणि वेळेत खाल्लं पाहिजे, घरी दही लावणाऱ्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. म्हणून ज्या पबमध्ये एल जास्त खपते तिथंच ती चांगली मिळते. 9 गॅलनच्या एका छोट्या पिंपात 72 पिंट, ते तीन दिवसांत खपलं पाहिजे, हा साधा हिशोब. आणि खराब लागली तर बिनधास्त परत करा, चांगल्या पबमध्ये तोंड वाकडं न करता बदलून देतात.

शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं, एल नितळ करायला पारंपरिक पद्धतीत माशाच्या फुग्यापासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. सगळे वापरत नाहीत, पण विचारून घ्या, विचारण्यात काही वावगं नाही, माझी एक जैन मैत्रीण दर वेळी विचारते.

नॉर्दर्न आयर्लंडमध्ये हँडपंपावरची (म्हणजे काउंटरवरचं हँडल ओढून तळघरातल्या पिंपातून वर काढलेली) एल तशी कमीच, इथं सगळीकडे स्टाउट या काळ्या बियरचं राज्य. त्यामुळे क्राउनमध्ये काउंटरवर हँडपंप बघून मला पहिल्यांदा केवढा आनंद झाला होता. (गंमत म्हणजे रिअल एलसाठी लढणारी कॅमरा ही संघटना 1971 मध्ये सुरू झाली ती चार इंग्लिश मित्र आयर्लंडमध्ये केरीला सुट्टीवर आले असताना. आणि इथल्या लिस्बर्नची हिल्डन ब्रुअरी सुरू झाली 1981 ला, म्हणजे क्राउनचं पहिलं मोठं काम झालं त्याच वर्षी.) परवा मी एक तांबूस बिटर घेतली, एलचाच एक प्रकार. बारवरच्या बाईंनी आधी छोट्या ग्लासात चव दिली, मग हँडल सावकाश ओढून पिंट भरली, फेस बसू दिला, परत थोडी भरली. बिस्किटासारखा माल्टचा वास, शेवटी हलका कडूपणा, आणि ग्लासच्या आतून प्रत्येक घोटाची एक एक फेसाची रेघ राहत गेली. ग्लास स्वच्छ आणि बियर तब्येतीत असल्याची ती खूण. बाबांनी आलं घातलेलं लिंबू सोडा घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून आयरिश स्ट्यू मागवला, वाफाळता, मटण मऊ, बटाटा विरघळलेला, तिखट अर्थात नाही पण बाहेर पाऊस असताना छान लागतो.

लोकांचं म्हणणं काय तर, गर्दी. ते खरंच आहे, एवढा प्रसिद्ध पब म्हटल्यावर टूरिस्ट येणारच, काही नुसते फोटो काढून जातात. काहींना वाटतं की हा आता इथल्या लोकांचा पब राहिला नाही. मला नाही पटत ते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा, स्नग मिळतो, आणि शेजारच्या स्नगमध्ये पेपर वाचत बसलेले इथलेच काका दिसतात. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी स्नगची आशा धरू नका, काउंटरला टेकून उभं राहा, वर बघा, छत बघण्यासारखं आहे. चारपेक्षा जास्त जण आणि जेवायचं असेल तर वरच्या मजल्यावर डायनिंग रूम आहे तिथं आधी बुकिंग करा. ऑर्डर आम्ही काउंटरवर जाऊनच दिली, स्नगमधली बेल वाजवून वाट बघत बसू नका.

निघताना बाबांना म्हटलं चला, ट्रेनची वेळ झाली, तर ते स्नगचं दार दोनदा उघडून बंद करून बघत होते. "बिजागरी जुनीच आहे," म्हणाले, "आवाज बघ, अजिबात करकरत नाही." पुढच्या बुधवारी परत जाणार आहोत, या वेळी त्यांना वहीत त्या खांबांची नक्षी काढून घ्यायचीय.