जाड नळी की बारीक? डोंगरातल्या शिकारीसाठी रायफल घेताना

भाचा न्यूझीलंडला जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी तिथला बंदुकीचा परवाना त्याच्या हातात पडला आणि तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर आईची चौकशी दोन मिनिटांत उरकून गडी थेट मुद्द्यावर येतो. "मामा, हेवी बॅरल घेऊ की लाइट?" बॅरल म्हणजे बंदुकीची नळी. मला विचारतो कारण मी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हाताळली, पुढे काही वर्षं टारगेटवर नेम धरला. शिकारीशी माझं नातं एवढंच, की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली असायची आणि तिला हात लावला की आजी ओरडायची.

इथल्या वाचकांना आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार म्हणजे गुन्हा. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, रानडुकरं घुसतात म्हणून काही शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या. पण छऱ्याच्या बंदुकीच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, नसतातच, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडायचं कारण नाही. हे लिहितोय ते परदेशात गेलेल्या आपल्या पोरांसाठी, जिथे हरणाची शिकार रीतसर चालते. न्यूझीलंडमध्ये तर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरणं गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडली. आपला हिमालयातला थार, म्हणजे रानबकऱ्यासारखा प्राणी, तोसुद्धा १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडला, तो तिथे इतका माजला की आता त्याची संख्या आटोक्यात ठेवायला शिकारी लागतात. सरकारी संरक्षित जमिनीवर जायला तिथल्या संवर्धन खात्याचं परमिट काढायचं आणि निघायचं.

आता नळीकडे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक तोंडाशी दिसतो. बारीक नळी तोंडाला १४-१५ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. जाड नळी २२-२३ मिलिमीटर, जवळजवळ अंगठ्याएवढी. लांबी तीच धरली तर वजनात किलो-सव्वा किलोचा फरक पडतो. हे ऐकायला फार वाटत नाही. त्याकडे नंतर येतो.

जाड नळीच्या बाजूने पहिला मुद्दा ताठपणाचा. गोळी सुटताना नळी छडीसारखी थरथरते. सळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास फक्त २० टक्के वाढवला तरी ताठपणा दुप्पट होतो, वजन मात्र दीडपटीच्या आत राहतं. दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि तो कळायला स्वयंपाकघरात जावं. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो आणि एकदा तापला की निवायलाही. ॲल्युमिनियमचा पातळ तवा पटकन तापतो, पटकन निवतो. नळ्यांचंही तसंच. बारीक नळीतून लागोपाठ पाच-सहा गोळ्या झाडा, हात लावून बघा. नंतर रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघाल तर नळीवरून उठणाऱ्या वाफाऱ्याने निशाणच लवलवताना दिसेल, मे महिन्यातल्या दुपारच्या डांबरी रस्त्यासारखं.

भाच्याने यातच मार खाल्ला. मित्राची हलकी रायफल घेऊन तो रेंजवर गेला. पहिल्या तीन गोळ्या शंभर मीटरवर रुपयाच्या नाण्याभोवती. हुरूप आला, दहा मिनिटांत वीस उडवल्या. पुढच्या गोळ्या उजवीकडे वर सरकायला लागल्या. गड्याने दोष दिला दुर्बिणीला आणि तिची बटणं फिरवून ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, पुन्हा मधे आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड नळीतून पहिली गोळी चार बोटं डावीकडे खाली. दुर्बीण बिचारी ठीकच होती. तापल्यावर नळीतले घडणीच्या वेळचे ताण मोकळे होतात, ती किंचित वाकते आणि मार हलतो. थंड झाली की जागेवर.

म्हणून जाड घ्या? इथेच माझं मत वेगळं पडतं. शिकारीत वीस गोळ्या कोण झाडतो? हरीण एका गोळीची संधी देतं, फार तर दुसरीची. लागते ती थंड नळीची पहिली गोळी, आणि ती बारीक पण चांगल्या घडणीची नळी जाड नळीइतकीच नेमाने टाकते. बारीक नळी म्हणजे वाईट नेम, हा समज रेंजवर तापवलेल्या नळ्यांमधून आलाय. तिला वेळ द्या. तीन गोळ्या झाडा, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका, उघडा ठेवा, चहा घेऊन या. झिरो करायचं, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीच्या माराशी जुळवायचा, तेही थंड नळीवरच.

आता तो किलो-सव्वा किलो. नाताळात भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्याला घेऊन वाघेरी डोंगराच्या चढणीला गेलो. हातात बांबूची काठी दिली आणि तिच्या पुढच्या टोकाकडे एक लिटर पाण्याची भरलेली बाटली सुतळीने बांधली. पाणी लिटरभर म्हणजे किलो. जाड नळीचं जादा वजन असंच पुढच्या अंगाला येतं. "काठी खांद्यावर टाकायची नाही. रानात जनावर कधी उठेल सांगता येत नाही, तेव्हा हातातच धर." पहिली दहा मिनिटं हसण्यात गेली. मग काठी उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात. झुडपातून जाताना टोक प्रत्येक वेलीत अडकायचं. अर्ध्या चढावर बसला आणि म्हणाला, "यातलं पाणी प्यायचं काय?" मी नाही म्हटलं. थारच्या मागे जाणाऱ्याला असले चढ दिवसभर, वर पाठीवर तंबू, आणि मिळालंच जनावर तर परतीला मांसाचं ओझं.

जाड नळीवर अन्याय नको म्हणून तिची खरी जमेची बाजूही सांगतो, कारण हलक्या नळीचे भक्त ती लपवतात. चढून आल्यावर छाती धडधडत असते. अशा वेळी हलकी नळी नाचते, जड नळी लवकर स्थिरावते. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. वजन जर अडचणीचं असतं तर नेमबाजांनी तीन किलोच्या रायफली मागितल्या असत्या. धक्क्याचंही तसंच. ३ किलोऐवजी ४ किलोची रायफल घेतली तर त्याच काडतुसाच्या धक्क्यातली ऊर्जा पाव हिश्शाने कमी होते. थ्री-नॉट-एटसारख्या मध्यम ताकदीच्या काडतुसाला हलकी रायफल चालून जाते. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं काडतूस मात्र अडीच-तीन किलोच्या रायफलीतून झाडणं म्हणजे खांद्याशी वैर, आणि धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. मग नळी कसलीही असो.

दोघींच्या मधलेही मार्ग आहेत. सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात पटणारा मार्ग म्हणजे नळी आखूड घेणं. २४ इंचांऐवजी २० इंच घेतली तर त्याच जाडीची नळी पाऊणपट जास्त ताठ होते, वजनही घटतं. गोळीचा वेग थोडा उतरतो, इंचामागे सेकंदाला सात-आठ मीटर धरा. दोन-अडीचशे मीटरपर्यंत मारणाऱ्याला हे कळणारही नाही. न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर कायदेशीर आहे आणि बहुतेक जण लावतात. तो पुढे जोडल्यावर २४ इंची रायफल भाल्याएवढी होते, हेही लक्षात घ्या. खाचा पाडलेली, म्हणजे फ्लुटेड नळी दिसायला झकास. पण विक्रेता सांगेल की खाचांमुळे नळी ताठ होते, ते ऐकून सोडून द्या. लोखंड काढल्यावर नळी ताठ कशी होईल? तेवढ्याच वजनाच्या साध्या बारीक नळीपेक्षा ती ताठ असते, इतकंच खरं. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी हलकी आणि ताठ दोन्ही असते. किंमत ऐकून भाच्याने फोन म्यूट केला होता.

कुठलीही घ्या, दुकानातच एक गोष्ट तपासा. नळी आणि कुंद्याच्या, म्हणजे रायफलीच्या दस्त्याच्या, मधे नोट घाला आणि चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागापर्यंत, सरकवत न्या. तिथली प्लॅस्टिकची नोट या कामाला उत्तम. मधे अडली तर नळी कुंद्याला टेकते आहे आणि तुमचा नेम दर वेळी वेगळा लागणार. मग पट्टा ताणून किंवा बायपॉड, म्हणजे पुढचे दोन पाय, दाबूनही एकदा सरकवा. स्वस्त प्लॅस्टिकचे कुंदे दाबाखाली वाकतात, आणि बारीक नळीला तेवढाही स्पर्श सोसत नाही.

भाच्यापुरतं उत्तर सांगायचं तर हलकी, पण सगळ्यात बारीक नव्हे. तोंडाला १६ मिलिमीटरच्या आसपास, २० इंच, दुर्बीण आणि सायलेन्सरसकट चार किलोच्या आत. तो मेंढपाळाच्या कुरणावर जीपच्या बॉनेटवरून दिवसाला पन्नास ससे टिपणार असता, तर मी डोळे मिटून जाड नळी सांगितली असती. तिथे चालायचं नसतं आणि नळीला निवायला सवड मिळत नसते.

पुढेमागे नळी बदलायचा विचार असेल तर कुंद्यातली खोबण बघून घ्या. बारीक नळीच्या खोबणीत जाड नळी बसत नाही, ती कोरून रुंद करावी लागते. उलट केलं तर मधे फट राहते. तिने नेमाचं काही बिघडत नाही, फक्त रानातून आल्यावर आतला पालापाचोळा काडीने काढत बसावं लागतं.