जागलीला कोणता अल्बम न्यावा? ‘थ्रिलर’, ‘रिव्हॉल्व्हर’, ‘२१’ आणि बाकीचे

आमच्या दारव्हा भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. त्यामुळे भाच्याने काही मागितलं की मामा आधीच निम्मा वाकलेला असतो. यवतमाळला बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा दिवाळीत आला आणि म्हणाला, “मामा, मले इंग्रजी गाणे आयकाचे हाये. पन मोबाइलमंधी जागा नाही, तीनच अल्बम बसतात. कोनते भरू?”

‘सर्वकाळचे श्रेष्ठ शंभर’ छापाच्या याद्या मीही पुष्कळ वाचल्या आहेत. त्या करणारे लोक दोन मोठ्या स्पीकरांच्या मधोमध खुर्ची टाकून ऐकत असावेत. भाचा ऐकतो एसटीत, रात्रीच्या ओलिताला वावरात, आणि हरभरा घाट्यावर आला की मचाणावर जागलीला, म्हणजे रात्रभर पीक राखायला. साधन काय, तर तळहाताएवढा ब्लूटूथचा डबा आणि उजवा कान मेलेला हेडफोन. दोन्ही कान चालते असते तरी एक मोकळा ठेवावाच लागतो. पाण्याच्या मोटारीचा आवाज बदलला की पळायचं असतं. म्हणून अल्बम किती थोर आहे ते बाजूला ठेवून, तो अशा ठिकाणी कसा टिकतो तेवढंच पाहू.

सुरुवात मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’पासून. नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस आला. नऊ गाणी, ४२ मिनिटं. जगात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच, आणि १९८४ च्या ग्रॅमी सोहळ्यात मायकलने एका रात्रीत आठ बक्षिसं नेली. पण मला तो आवडतो तो स्प्रिंकलरमुळे. नोझल फिरताना टक्-टक्-टक् करतो, त्याच्यासोबत ‘बिली जीन’ लावून बघा. गाणं नुसत्या ड्रमवर सुरू होतं, मग खालून बास येतो, आणि मायकल तोंड उघडेपर्यंत जवळजवळ अर्धं मिनिट जातं. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात लांब वाटत होती, मायकल मात्र अडून बसला. त्या अर्ध्या मिनिटात नोझल आणि ड्रम कधी जुळतात, कधी चुकतात, परत जुळतात. माझ्या वावरात एका जागी स्प्रिंकलर पावणेतीन तास ठेवावा लागतो. म्हणजे चार ‘थ्रिलर’. चौथा संपला की पाइप उचलायचे, मोबाइल खिशातून काढायचं काम नाही.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. अल्बमच्याच नावाचं जे चौथं गाणं आहे, ते जागलीला मोठ्या आवाजात लावू नका. गेल्या हिवाळ्यात मी डबा फुल करून मचाणावर बसलो होतो. आधी दार करकरलं, मग पावलं वाजली, मग लांडगा विव्हळला. शेजारच्या धुऱ्यावरचं कुत्रं उठलं, त्याच्यामागे गावातली सगळी. रोही (नीलगायी) त्या रात्री फिरकले नाहीत हे खरं, पण पलीकडच्या वावरातले काका बॅटरी घेऊन धावत आले. “काऊन बे, काय आलं?” त्यांना काय सांगणार?

याच अल्बमात ‘द गर्ल इज माइन’ हे पॉल मॅकार्टनीसोबतचं गाणं आहे. दोघे एका मुलीवरून गोडगोड भांडतात. मला ते मिळमिळीत वाटतं, मी सरकवतो. मॅकार्टनी ऐकायचाच तर सोळा वर्षं मागे जा, ऑगस्ट १९६६ मधल्या, त्याच्या चौघांच्या बँडच्या, म्हणजे बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’कडे.

इथे गाणी चौदा आणि मिनिटं पस्तीसच. ‘थ्रिलर’ची चाल एकदा पायात शिरली की शेवटपर्यंत निघत नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ दर अडीच-तीन मिनिटांनी पाट बदलतो. ‘एलेनॉर रिग्बी’त तर चौघांपैकी एकही जण वाद्य वाजवत नाही, चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो, बस. लग्न लागून माणसं गेल्यावर चर्चमध्ये पडलेले तांदूळ वेचणारी एक एकटी बाई त्यात आहे. मांडव उठल्यावर अक्षता झाडणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला इंग्रजी कच्चं असूनही हे गाणं कळतं.

‘लव्ह यू टू’मध्ये जॉर्ज हॅरिसनची सतार आहे आणि तबल्यावर अनिल भागवत. अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. शेवटचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ जवळपास एकाच सुराला धरून चालतं. पाश्चात्त्य कानाला ते तेव्हा चक्रावून टाकणारं होतं. खंजेरी भजनं ऐकत वाढलेल्याला त्यात बुचकळ्यात पडण्यासारखं काही नाही.

घोळ निराळाच आहे. जुन्या स्टिरिओ प्रतीत ‘एलेनॉर रिग्बी’च्या कडव्यांमध्ये पॉलचा आवाज उजव्या बाजूला ढकललेला आहे. भाच्याचा उजवा कान मेलेला! त्याने माझ्यासमोरच गाणं लावलं, थोडा वेळ ऐकलं, हेडफोन हलवून पाहिला आणि म्हणाला, “मामा, ह्याच्यात गाणारा कोठी हाये?” मध्येच आवाज यायचा, मध्येच गायब. अशी अडचण असेल तर दोन उपाय आहेत. २०२२ मध्ये मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याने नव्याने मिसळलेली प्रत घ्या, नाहीतर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ शोधून चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. हे दुसरं तर एक कान मोकळा ठेवून ऐकणाऱ्या प्रत्येकाने आजच करावं.

तरी पहिला अल्बम म्हणून मी ‘रिव्हॉल्व्हर’ देणार नाही. ‘थ्रिलर’ मोटारीकडे लक्ष ठेवूनही ऐकता येतो. ‘रिव्हॉल्व्हर’ला बसावं लागतं.

मराठी शाळेत शिकलेल्याला सोपं काय, असं विचाराल तर आबा (ABBA) हा बँड. स्वीडनची माणसं, इंग्रजी त्यांचीही मायबोली नाही, म्हणून शब्द साधे आणि उच्चार स्वच्छ. दर्दी लोक १९७६ चा ‘अरायव्हल’ सांगतील. मी बेशरमपणे १९९२ चा ‘गोल्ड’ सांगतो, तो निवडक गाण्यांचा संग्रह असला तरी. एकोणीस गाणी. एसटीत उभं राहून जायचं असेल तर यासारखं काही नाही.

आता खरी अडचण: अडेलचा ‘२१’ घ्यावा की बिली आयलिशचा ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ पहिला २०११ चा, दुसरा २०१९ चा. दोन्ही पोरी तेव्हा कोवळ्या वयाच्या, दोघींनी ग्रॅमीत झाडून बक्षिसं नेली: अडेलने २०१२ मध्ये सहा, बिलीने २०२० मध्ये पाच. पण ऐकायला वाघ-मांजराचा फरक. अडेल पोटातून गाते. शेवटचं ‘समवन लाइक यू’ म्हणजे पियानो आणि तिचा गळा, भावगीतच म्हणा. आपल्या छोट्या डब्याला मधला आवाज चांगला जमतो आणि अडेल तिथेच राहते, त्यामुळे डब्यावर काही हरवत नाही.

बिली कुजबुजते. भाऊ फिनियस याच्यासोबत घरातल्या झोपायच्या खोलीत केलेला अल्बम, कानाशी लागून सांगितल्यासारखा. बास इतका खालचा, की डबा तो गिळून टाकतो आणि हाती नुसतं टिचक्या-टाळ्यांचं टरफल राहतं. एसटीत खिडकीची काच खडखडायला लागली की तेही जातं. चांगला हेडफोन, रात्रीची शांतता आणि दोन्ही कान असतील तर अंगावर काटा येतो, मी नाही म्हणत नाही. पण तेव्हा डुकरं हरभऱ्यात शिरली तरी कळायचं नाही. शिवाय ज्याच्या नावातच झोप आहे, तो अल्बम जागलीला कोण नेईल?

इंग्रजीचाच हट्ट नसेल तर अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ (१९९५) आणि लकी अलीचा ‘सुनो’ (१९९६) आहेतच. पहिला संगीतकार बिड्डूचा, १९८१ मध्ये नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ करणारा तोच हा माणूस. त्यात ठेका घट्ट आहे, पण आज ऐकताना सगळा अल्बम त्याच नावाच्या एका गाण्याच्या खांद्यावर बसलेला वाटतो. ‘सुनो’ गिटारवर निवांत चालतो आणि जुना झालेला नाही. दोन्हींत तोच घ्या. मराठीत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’, पण तो मृग बरसल्यावर. मे महिन्यात ४५ अंशांत पावसाची गाणी ऐकणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं वर्णन सांगणं.

जागेचं म्हणाल तर मध्यम दर्जात एक अल्बम ४०-५० एमबी घेतो. रोजच्या दीड जीबीत सहज उतरतो. फक्त रेंज असेल तिथे उभं राहून उतरवून घ्या. आमच्याकडे ती जागा म्हणजे ग्रामपंचायतीजवळचा ओटा.

भाच्याला मी सांगितलं: ‘थ्रिलर’, ‘२१’ आणि ‘गोल्ड’, याच क्रमाने. त्याने पहिले दोन भरले. तिसऱ्याला माझं ऐकलं नाही, यवतमाळला जाऊन आधी नवा हेडफोन घेतला. परवा रात्री लाइन आल्यावर मी पाइप जोडत होतो, तेव्हा त्याचा मेसेज आला. “मामा, गाणारा सापडला.”