राणीबाग आता कशी आहे? वाघ, तरस, पेंग्विन, मगरी आणि बाकी सगळं

भायखळ्याची राणीबाग, म्हणजे मुंबईतलं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, ज्यांनी शेवटची शाळेच्या सहलीत बघितली असेल त्यांनी परत एकदा नक्की जा. आत बरंच काही बदललंय, पण लोक अजून जुन्या आठवणीवरच "तिकडे काय आहे, चार हरणं आणि एक हत्ती" असं म्हणत बसतात. आमच्याकडे भाच्याच्या हट्टापायी सुट्टीत राणीबाग ठरलेलीच असते, आणि दर वेळी फोटो टाकले की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, लहान मुलांना घेऊन जाण्यासारखी आहे का, पेंग्विन खरंच दिसतात का, वाघ आला म्हणे तो कुठे असतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी कामाचं. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं, चालत गेलात तरी दहा-पंधरा मिनिटं, लहान मुलं असतील तर टॅक्सी. बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी चालू ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, त्यामुळे असा काही घोळ असेल तर निघायच्या आधी बघून घ्या. तिकीट २०१७ मध्ये पाच रुपयांवरून एकदम पन्नास केलं तेव्हा खूप ओरड झाली होती. पण आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांत होतं आणि मुंबईत शंभर रुपयांत चार माणसांचा अख्खा दिवस दुसरीकडे कुठे जातो सांगा. ऑनलाइन तिकीट काढून जा, रविवारी खिडकीवरची रांग बघून मुलांचा मूड तिथेच जातो.

आता मेन गोष्ट, नवीन पिंजरे. २०२० च्या सुरुवातीला बिबट्या, तरस, अस्वल, कोल्हा यांची नवीन दालनं उघडली. मग लगेच कोविड आला आणि बाग कितीतरी महिने बंद राहिली, त्यामुळे हे सगळं झालंय हेच बऱ्याच जणांना माहीत नाही. पूर्वी कसं होतं आठवतंय ना, सिमेंटची लादी, जाड गज, आतमध्ये एक पाण्याचा हौद आणि लांबूनच येणारा वास, आणि तो प्राणी बिचारा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत असायचा. आई म्हणते तिच्या लहानपणी हत्तीवरून फेरी मारायला मिळायची, मुलांची ही लाइन लागायची, त्या वेळी कोणाला त्यात काही वाटायचं नाही. आता समोर उंच जाड काच आणि काचेच्या पलीकडे माती, गवत, झाडं, ओंडके, दगड, पाण्याचं तळं. तुम्ही सावलीत उभे राहून बघता, प्राणी उजेडात मोकळा, आणि मधे गज नसल्यामुळे तो तुमच्या डोळ्यांसमोर पूर्ण दिसतो, कान, मिशा, पंजे सगळं.

वाघाचं सांगतो. २०२० च्या आधी कितीतरी वर्षं राणीबागेत वाघच नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये इथेच वीराचा जन्म झाला. आम्ही काचेसमोर उभे होतो तेव्हा वाघ आधी लांब झाडाखाली पडून होता, नुसती शेपटी हलत होती, समोरचे अर्धे लोक फोटो काढून कंटाळून पुढे गेले. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने तो उठला, अंग ताणून आळस दिला, तळ्यापर्यंत आला आणि चक्क पाठमोरा होऊन पाण्यात उतरला, आधी मागचे पाय, मग कंबर, आणि मानेपर्यंत पाण्यात बसून डोळे बारीक करून आमच्याकडे बघत राहिला. वाघ असेच उतरतात, तोंडावर पाणी आलेलं त्यांना फारसं आवडत नाही. भाचा तोंडाचा आ करून बघत होता, एक शब्द नाही, आणि तो मुलगा एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही.

पण सगळ्यांनाच असं दिसेल असं नाही, आणि मला जे मुद्दाम सांगायचंय ते हेच. बिबट्याच्या दालनासमोर हमखास ऐकू येतं, "काय रे हे, काहीच दिसत नाही, पैसे वाया". बिबट्या आत असतो, पण वर ओंडक्यावर पानांच्या आडोशाला किंवा दगडामागे झोपलेला. तो मुळात संध्याकाळी आणि रात्री हिंडणारा प्राणी, भर दुपारी बारा वाजता तो तुमच्यासाठी कशाला उठेल. तरसाचंही तेच. जुन्या पिंजऱ्यात प्राणी कायम दिसायचा कारण त्याला लपायला जागाच नव्हती. कितीही लोक आले, कितीही ओरडले तरी त्याने समोरच राहायचं. आता त्याला वाटलं तर तो पाठ करून आत जाऊ शकतो, आणि माझ्या मते या सगळ्या बदलातला हाच सगळ्यात मोठा बदल आहे. पिंजरा किती देखणा केलाय, खोटे खडक किती खरे वाटतात, यावर मी मार्क देणार नाही. प्राणी काय करतोय ते बघतो. त्याच त्याच वाटेवर यंत्रासारख्या फेऱ्या मारतोय, मान हलवत बसलाय, की माती हुंगतोय, उकरतोय, निवांत झोपलाय? अस्वल आम्ही बघितलं तेव्हा एका लाकडाच्या फटीत तोंड खुपसून जोरजोरात फुंकत आणि ओढत होतं, तो आवाज काचेबाहेरही येत होता. जंगलात ते वारुळातल्या वाळव्या असंच ओढून खातं, वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच, दातांच्या त्या फटीतूनच ओढायचं. पिंजऱ्यातल्या प्राण्याला असं काहीतरी करायला मिळणं फार गरजेचं आहे, जेवण ताटात वाढून ठेवलं की त्याचा दिवस संपतच नाही.

म्हणून सल्ला असा की सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा आणि आधी वाघ, बिबट्या, तरस, अस्वल उरकून घ्या. ऊन चढलं की हे सगळे सावलीला जातात, शिवाय काचेवर आपलंच प्रतिबिंब दिसायला लागतं आणि फोटोत प्राण्याऐवजी मागच्या काकांचा शर्ट येतो. काचेला मोबाइल अगदी टेकवून धरला तर बरा फोटो येतो. दुपार पेंग्विनसाठी ठेवा, तिथे एसी आहे.

पक्ष्यांचं मोठं दालन मला सगळ्यात जास्त आवडलं. आपणच आत शिरायचं, पूल आणि वाट केलीय त्यावरून चालायचं, आणि पक्षी तुमच्या डोक्यावरून उडत जातात. पाच मजली इमारतीएवढं उंच आहे, आत झाडं आहेत, धबधबा आणि पाणी आहे. करकोचा पंख पूर्ण पसरून या फांदीवरून त्या फांदीवर जातो तेव्हा पंखांचा फडफडाट कानाला जाणवतो. पुस्तकात किंवा पिंजऱ्यात पक्षी बघणं आणि इथे हाताच्या अंतरावर बगळा पाण्यात नजर लावून पुतळ्यासारखा उभा बघणं यात खूप फरक आहे, लहान मुलांना तर तिथून हलवायला जड जातं. टोपी घालून जा एवढंच, वरून काय पडेल सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे बागेतल्या मोठ्या झाडांवर मोकळे रातबगळे आणि वटवाघळंही असतात, त्यांना कोणी आणलेलं नाही, ते आपले आपण आलेत, तेही मान वर करून बघा.

मगरींसाठी आता वरून बघायला डेक आणि खाली काचेतून पाण्याखालचं बघायची सोय आहे. वरून मगर म्हणजे पडलेलं लाकूड वाटते, तास तास हलत नाही, मुलं विचारतात खरी आहे का. खालून बघितलं की कळतं हा प्राणी कसा बनलाय. पोहताना चारही पाय अंगाला चिकटवून घेते आणि नुसत्या शेपटीच्या जोरावर सरकत जाते, पाण्यात जराही गडबड नाही. पोटाकडचा फिकट पिवळट रंगही वरून कधी दिसत नाही. मगर आणि सुसर यातला फरक मुलांना इथेच दाखवा, सुसरीचं तोंड लांब चिमट्यासारखं, मासे पकडायला, आणि मगरीचं रुंद. मी मराठी शाळेत शिकलो तरी हा फरक मला कोणी नीट दाखवला नव्हता.

आता पेंग्विन, ज्यासाठी निम्मी गर्दी येते. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला आणि मुंबईच्या उकाड्यात हे कशाला अशी टीका झाली, ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मार्च २०१७ मध्ये पेंग्विनचं दालन लोकांसाठी खुलं झालं. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पहिलं पिल्लू जन्मलं आणि आठवडाभरात गेलं, तेव्हाही खूप वाईट वाटलं होतं. पण नंतर २०२१ मध्ये ओरिओ आणि ऑस्कर ही दोन पिल्लं जगली आणि त्यानंतर कुटुंब वाढत गेलं. पेंग्विनची जोडी अंडी घालते, आई-बाबा आळीपाळीने साधारण चाळीस दिवस उबवतात, पिल्लाला भरवतात, हे सगळं मुंबईत होतंय म्हणजे सांभाळणाऱ्या डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांनी खरंच मेहनत घेतलीय, त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

एक गैरसमज मात्र काढून टाका. हे बर्फातले पेंग्विन नाहीत. हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे समुद्राचा थंड प्रवाह वाहतो म्हणून पाणी गार, पण किनारा रुक्ष, वाळवंटी. म्हणून इथे आत बर्फाचा डोंगर दिसला नाही तर नाराज होऊ नका, साधारण सोळा ते अठरा अंश तापमान ठेवतात तेवढं त्यांना पुरतं. काचेजवळ उभं राहून नीट बघा, प्रत्येक मोठ्या पेंग्विनच्या छातीवर काळा पट्टा आहे आणि खाली काळे ठिपके, ते ठिपके प्रत्येकाचे वेगळे. चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी दिसते तिथून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात. आम्ही गेलो तेव्हा एकजण काठावर एकटाच उभा होता, पिसं विस्कटलेली, मानेवर कापसासारखे पुंजके, आणि बाकीचे पाण्यात सुसाट सुटलेले. शेजारची बाई म्हणाली आजारी आहे वाटतं. तसं नसतं, वर्षातून एकदा सगळी पिसं गळून नवीन येतात, तेवढे दिवस अंगात पाणी शिरतं म्हणून ते पाण्यात जात नाहीत, गप उभे राहतात. रविवारी मात्र इथे थांबू देत नाहीत, गर्दीमुळे पुढे चला पुढे चला होतं, त्यामुळे निवांत बघायचं असेल तर मंगळवार किंवा गुरुवार गाठा.

एका गोष्टीवर मनापासून चिडतो, ती म्हणजे आपली माणसं. काचेवर थापा मारणं, शिट्ट्या, "ए वाघ, ए इकडे बघ", आणि आई-वडील शेजारी उभे राहून व्हिडिओ काढतायत. काच जाड असली तरी थाप आत ऐकू जाते, कंप जाणवतो. प्राणी झोपलाय म्हणून उठवायचा? गार्ड शिट्टी वाजवून दमतो, पाठ फिरली की परत चालू. एका मोठ्या माणसाने हरणांच्या कुंपणातून वेफर्स आत टाकले, भाच्याने त्यांना सरळ सांगितलं की काका, त्यांच्या पोटात दुखेल, तर ते हसले. मला भाच्याचा अभिमान वाटला. मीठ-मसाला, प्लास्टिक पोटात गेलं तर त्या जनावराचा जीव जाऊ शकतो, पाटीवर मराठीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि हो, झाडं. १८६२ मध्ये ही बाग सुरू झाली ती वनस्पती उद्यान म्हणून, त्रेपन्न एकरच्या आसपास जागा, आणि हजारो झाडं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी परदेशी थाटाचं मोठं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आला होता तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी, त्यात कितीतरी बायका होत्या, या झाडांसाठी नेटाने लढा दिला म्हणून ती आज उभी आहेत. नवीन दालनांसमोर जी गार सावली मिळते ती या झाडांची आहे. गोरखचिंचेचं खोड बघा, तिघाचौघांनी हात धरले तरी कवेत येत नाही. कृष्णवडाचं पान मागे द्रोणासारखं वळलेलं असतं, मुलांना कृष्णाच्या लोण्याची गोष्ट सांगायला बरं पडतं. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात. थंडीत गेलात तर उर्वशी शोधा, मूळची ब्रह्मदेशातली, लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबत असतात.

शेजारच्या मफतलाल मिलच्या जागेवर बाग वाढवून जिराफ, झेब्रा असे परदेशी प्राणी आणायची चर्चा अधूनमधून होत असते. माझं मत विचाराल तर आधी ती जागा इथल्याच हत्ती, पाणघोड्यांना मोकळं फिरायला द्या. आपल्याकडचं तरस, लांडगा, कोल्हा मुंबईच्या मुलांनी कुठे बघितलंय, जिराफ टीव्हीवर तरी दिसतो. तरसाच्या काचेसमोर गर्दी नसते, तिथे जास्त वेळ थांबा, मागचे पाय आखूड आणि पुढचे लांब, पाठीवरची आयाळ, चालताना पाठ कशी मागे उतरती दिसते ते बघा. गोष्टींमध्ये त्याला उगाच बदनाम केलंय, मेलेली जनावरं खाऊन जंगल साफ ठेवणारा प्राणी आहे तो.

पाण्याची बाटली घरून न्या, चपला चालायच्या घाला, आजी-आजोबा असतील तर बसायला बाकडी भरपूर आहेत. तीन-चार तास हातात ठेवा, घाईत गेलात तर नुसती झोपलेली जनावरं बघून याल. आमच्याकडून साडेचार स्टार.